चलनातून माघार आणि विधिग्राह्यतेचा अंत : भारतीय चलनाच्या इतिहासातील एका भेदाचा अभ्यास

प्रस्तावना

१९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजार रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. या नोटा विधिग्राह्य चलन म्हणून कायम राहतील, असे त्याच निवेदनात स्पष्टपणे नमूद होते. तरीही सर्वसामान्य बोलण्यात या निर्णयाला ‘दुसरी नोटाबंदी’ हेच नाव मिळाले. अनेक दुकानदारांनी कायद्याने वैध असलेली ही नोट स्वीकारणे बंद केले. ज्यांच्याजवळ या नोटा होत्या त्यांनी पेट्रोल पंपांवर आणि सराफी पेढ्यांवर त्या खर्च करण्याची घाई केली. २०१६ चा अनुभव ताजा असल्याने हे स्वाभाविक होते. तथापि २०१६ आणि २०२३ या दोन घटना कायद्याच्या दृष्टीने एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत.

‘नोट चलनातून बाद झाली’ हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग दोन वेगळ्या क्रियांना सारखाच लावला जातो. पहिली क्रिया म्हणजे चलन व्यवहारातून हळूहळू काढून घेणे. दुसरी क्रिया म्हणजे त्या चलनाची विधिग्राह्यता, म्हणजेच देणे फेडण्याची कायदेशीर क्षमता, संपुष्टात आणणे. या दोन क्रियांमधील भेद भारतीय चलनाच्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे, तसेच या भेदाचा सामान्य धारकाच्या दृष्टीने काय अर्थ होतो हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा भेद केवळ परिभाषेचा नसून चलनबदलाची किंमत कोणी मोजावयाची हे त्यावरून ठरते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

चलनाच्या संदर्भात तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे प्रचलन. लोक एखादे नाणे वा नोट प्रत्यक्षात देतात आणि घेतात, ही केवळ वस्तुस्थिती आहे. ती विश्वासावर आणि सवयीवर अवलंबून असते. दुसरी गोष्ट म्हणजे विधिग्राह्यता. ऋणकोने देण्याची पूर्ण रक्कम विधिग्राह्य चलनात देऊ केली असता धनकोला ‘हे चलन नको’ असे म्हणून ऋणकोला थकबाकीदार ठरविता येत नाही. हा दर्जा कायदा देतो आणि कायदाच काढून घेतो. तिसरी गोष्ट म्हणजे देयता. नोट हे मुळात एक वचनपत्र आहे. धारकास नोटेवरील रक्कम देण्याचे वचन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपल्या स्वाक्षरीने देतात आणि केंद्र सरकार त्याची हमी घेते. नोट व्यवहारात चालेनाशी झाली, तिची विधिग्राह्यताही गेली, तरी हे वचन शिल्लक राहू शकते.

भारतात बँकनोटांच्या विधिग्राह्यतेचा आधार रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ मधील कलम २६ हा आहे. या कलमाच्या पहिल्या पोटकलमानुसार प्रत्येक बँकनोट भारतात सर्वत्र तिच्यावर नमूद केलेल्या रकमेसाठी विधिग्राह्य असते. दुसऱ्या पोटकलमानुसार, बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कोणत्याही मूल्याच्या नोटांच्या कोणत्याही मालिकेची विधिग्राह्यता ठरावीक तारखेपासून काढून घेऊ शकते. चलनातून नोटा मागे घेण्यासाठी मात्र अशा अधिसूचनेची गरज नसते. बँकेने त्या पुन्हा न देणे आणि परत आलेल्या नोटा नष्ट करणे एवढे त्यासाठी पुरेसे ठरते. कायद्याच्या या मांडणीतच दोन्ही क्रियांमधील अंतर स्पष्ट होते.

बट्ट्याची परंपरा

प्रचलन आणि राजाज्ञा यांची फारकत महाराष्ट्राला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेली तांब्याची शिवराई १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतरही दख्खनच्या बाजारपेठांत दीर्घकाळ वापरात होती. ज्या राज्याने ती पाडली ते राज्य उरले नव्हते. मात्र तिच्यावरील लोकांचा विश्वास उरला होता. पेशवाईच्या काळात अंकुशी, चांदवडी अशा अनेक प्रकारच्या रुपयांचा व्यवहार एकाच वेळी चालत असे. प्रत्येक रुपयातील चांदीचे प्रमाण आणि झीज पाहून सराफ त्याची किंमत ठरवीत. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना जी तूट सोसावी लागे तिला ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ या वाक्प्रचारातून ती तूट भाषेत आजही टिकून आहे.

बट्ट्याची पद्धत व्यापाऱ्याला परिचित आणि सराफाला लाभदायक होती. तिचा भार मुख्यतः ज्याला नाण्याची पारख नव्हती त्याच्यावर, म्हणजे शेतकऱ्यावर आणि मजुरावर पडत असे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने तिन्ही इलाख्यांसाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन असून त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. जुनी नाणी त्यानंतर टप्प्याटप्प्याने टांकसाळीकडे गेली. एकच रुपया विधिग्राह्य झाला की बट्ट्याचे मूळ कारण नाहीसे होते, हे या सुधारणेमागील तत्त्व होते. तथापि व्यवहारातील जुनी नाणी एका कायद्याने एका दिवसात नाहीशी होत नाहीत, हेही त्या संक्रमणकाळात दिसून आले.

कागदी चलनाच्या आरंभी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उद्भवला. १८४० मध्ये सनद मिळालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटा लोक विश्वासाने घेत. त्या घेण्याची सक्ती मात्र कोणावरही नव्हती. त्या प्रचलित होत्या, पण विधिग्राह्य नव्हत्या. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. या सरकारी नोटाही आरंभी आपापल्या चलन-मंडळापुरत्याच विधिग्राह्य होत्या. मुंबई मंडळाची नोट कलकत्ता मंडळात देऊ केली, तर ती घेण्याचे बंधन तेथील धनकोवर नसे. अशा परक्या मंडळाच्या नोटेवर व्यापारी पुन्हा बट्टा घेत. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्व मंडळांत विधिग्राह्य झाली. १९१० मध्ये दहा व पन्नास रुपयांच्या आणि १९११ मध्ये शंभर रुपयांच्या नोटेलाही असा दर्जा मिळाला. विधिग्राह्यतेची मर्यादा जेथे संपते तेथे बट्टा सुरू होतो, हा नियम या अर्धशतकात स्पष्ट झाला.

राणीछाप रुपया आणि हाली सिक्का

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोक चांदीचे रुपये साठवू लागले. सरकारने १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि जुने अधिक कसाचे रुपये परत घेण्यास सुरुवात केली. व्हिक्टोरिया राणीची छाप असलेले रुपये १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये १९४३ मध्ये विधिग्राह्य राहिले नाहीत.

राणीछाप रुपया अशा प्रकारे कायद्याने निकाली निघाला. लोकांच्या दृष्टीने मात्र त्याची किंमत गेली नाही, कारण ती त्याच्या धातूत होती. लक्ष्मीपूजनाच्या ताटात, लग्नातील आहेरात आणि घरच्या देव्हाऱ्यात तो पुढेही टिकून राहिला. विधिग्राह्यता संपलेल्या चांदीच्या नाण्याचा धारक सराफाकडे जाऊ शकत होता. कागदी नोटेच्या धारकाला हा पर्याय उपलब्ध नाही. नोटेची विधिग्राह्यता आणि तिच्यावरील वचन या दोन्ही गोष्टी गेल्या की हातात केवळ कागद उरतो. त्यामुळे धातूच्या नाण्यांच्या काळात जी क्रिया तुलनेने सौम्य होती, ती कागदी चलनाच्या काळात फार तीव्र झाली.

मराठवाड्याचा अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तत्कालीन मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे स्वतःचे चलन होते. त्यास ‘हाली सिक्का’ म्हणत, तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर हाली सिक्का एका रात्रीत रद्द झाला नाही. १९५० पासून तो भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालू राहिला आणि सात हाली रुपयांस सहा कलदार असा विनिमयाचा दर सर्वांना माहीत होता. नवे हाली चलन काढणे थांबले, जुने चलन पन्नासच्या दशकात क्रमाक्रमाने मागे घेण्यात आले आणि त्याचा कायदेशीर शेवट त्या दशकाअखेर झाला. चलनातील माघार आणि विधिग्राह्यतेचा अंत यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर राहिले. ७०० हाली रुपये साठविणाऱ्याला ६०० रुपये मिळतील हे आधीच ठाऊक होते. अनेक पिढ्यांचे चलन बदलूनही हे संक्रमण गोंधळाविना पार पडले, याचे एक कारण या अंतरात शोधता येते.

१९४६ आणि १९७८ : विधिग्राह्यतेचा अचानक अंत

मोठ्या मूल्याच्या नोटांची विधिग्राह्यता अचानक काढून घेण्याचा पहिला प्रयोग १२ जानेवारी १९४६ रोजी झाला. त्या दिवशी काढलेल्या अध्यादेशाने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा विधिग्राह्य राहिल्या नाहीत. युद्धकाळातील काळाबाजार आणि करचुकवेगिरी यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. त्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासात नोंदलेल्या आकड्यांनुसार, या मूल्यांच्या एकूण १४३.९७ कोटी रुपयांच्या नोटांपैकी १९४७ च्या अखेरीपर्यंत १३४.९ कोटी रुपयांच्या नोटा बदलून घेण्यात आल्या. केवळ ९.०७ कोटी रुपयांच्या नोटा परत आल्या नाहीत.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे मोठी रक्कम होती त्यांनी ती बदलून घेण्याचे मार्ग शोधले. ज्याला खिडकीपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते किंवा घोषणापत्र भरण्याची इच्छा नव्हती, त्याने आपली नोट दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात दुसऱ्याला विकली. अंकुशी आणि चांदवडी रुपयांबरोबर गेलेला बट्टा अशा प्रकारे परत आला. फरक एवढाच की या वेळी तो चांदीच्या कसावर लागला नाही. बँकेच्या खिडकीपर्यंत कोण पोहोचू शकतो यावर तो लागला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा पुन्हा काढण्यात आल्या. १६ जानेवारी १९७८ रोजी मोरारजी देसाई यांच्या नेतृत्वाखालील जनता सरकारने अध्यादेश काढून या तिन्ही नोटांची विधिग्राह्यता संपविली. त्या बदलून घेण्यासाठी १९ जानेवारीपर्यंतची मुदत होती. अध्यादेशाचे पुढे संसदेने कायद्यात रूपांतर केले. या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळले. या नोटा त्या काळी सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येत. हजार रुपये ही तेव्हा बहुसंख्य कुटुंबांच्या महिन्याच्या उत्पन्नाहून मोठी रक्कम होती. परिणामी १९७८ च्या निर्णयाचा आघात मर्यादित वर्गावर झाला. १९४६ आणि १९७८ या दोन्ही प्रसंगी विधिग्राह्यता काढून घेण्यासाठी स्वतंत्र अध्यादेशाचा मार्ग स्वीकारला गेला, ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

लहान नाण्यांचे उलट उदाहरण

विधिग्राह्यता आणि प्रचलन यांची फारकत नेहमीच राज्यसंस्थेच्या निर्णयाने होते असे नाही. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी विधिग्राह्य राहिली नाहीत. कायद्याने हा दर्जा काढला तेव्हा ‘पावली’ बाजारातून जवळपास नाहीशीच झाली होती. येथे समाजाने आधी निर्णय घेतला आणि कायद्याने नंतर त्याला मान्यता दिली. त्यामुळे या निर्णयाचा गाजावाजा झाला नाही व कोणाचे विशेष नुकसानही झाले नाही.

५० पैशांच्या नाण्याची स्थिती याच्या उलट आहे. नाणे कायदा, २०११ नुसार ते दहा रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी विधिग्राह्य आहे. प्रत्यक्षात शहरांतील दुकानदार ते घेत नाहीत. दहा रुपयांच्या नाण्याबाबतही असेच घडले. वेगवेगळ्या नक्षीची नाणी पाहून ती खोटी असल्याची समजूत पसरली आणि अनेक गावांत ती नाकारली जाऊ लागली. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये चौदा निरनिराळ्या नक्षींची दहा रुपयांची सर्व नाणी वैध असल्याचे जाहीर करावे लागले. विधिग्राह्यतेमुळे चलनाला कायद्याचे पाठबळ मिळते. विश्वास मात्र केवळ तिच्यामुळे निर्माण होत नाही. बसमध्ये नाणे नाकारले गेल्यास प्रवासी कायद्याचे पुस्तक उघडत नाही. तो दुसरे नाणे शोधतो.

२००५ पूर्वीच्या नोटा : माघारीचा नमुना

२२ जानेवारी २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वी काढलेल्या सर्व नोटा चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. अशा नोटांच्या मागील बाजूस छपाईचे वर्ष नसते, ही ओळखण्याची खूणही लोकांना सांगण्यात आली. या नोटा विधिग्राह्य राहतील, असे बँकेने वारंवार स्पष्ट केले. बदलून घेण्याची मुदत १ जानेवारी २०१५, पुढे ३० जून २०१५, नंतर ३१ डिसेंबर २०१५ आणि अखेर ३० जून २०१६ अशी वाढविण्यात आली.

हा उपक्रम फारसा चर्चेत आला नाही, आणि हेच त्याचे यश म्हणावे लागेल. जुन्या नोटांत सुरक्षा खुणा कमी असल्याने त्या काढून घेणे आवश्यक होते. त्यासाठी कोणाच्या हातातील नोट एका रात्रीत निरर्थक ठरविण्याची गरज भासली नाही. बँकेत आलेली नोट परत बाहेर जाऊ द्यावयाची नाही, एवढ्या साध्या उपायाने हा हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला. प्रशासनाला वेळ लागला; मात्र तो वेळ धारकाकडून हिरावून घेतलेला नव्हता.

२०१६ : विधिग्राह्यता, देयता आणि अपराध

८ नोव्हेंबर २०१६ रोजीच्या अधिसूचनेने ५०० व १,००० रुपयांच्या त्या वेळी प्रचलित असलेल्या नोटांची विधिग्राह्यता मध्यरात्रीपासून संपुष्टात आली. मूल्याच्या दृष्टीने त्या एकूण चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. १९७८ मध्ये हजाराची नोट श्रीमंतांची होती. २०१६ मध्ये पाचशेची नोट शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीत आणि गृहिणीच्या डब्यातील बचतीत होती. म्हणूनच पूर्वीच्या दोन प्रसंगांशी या निर्णयाची तुलना करताना नोटेचे मूल्य आणि समाजातील तिचे स्थान यांचा विचार करावा लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७–१८ च्या वार्षिक अहवालानुसार १५.४१ लाख कोटी रुपयांच्या या नोटांपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. १९४६ मध्ये परत आलेल्या नोटांचे प्रमाण सुमारे ९४ टक्के होते. सत्तर वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन्ही प्रयोग एकाच गोष्टीकडे निर्देश करतात. विधिग्राह्यता काढून घेतल्याने अवैध संपत्ती नष्ट होते ही अपेक्षा फारच अपुऱ्या प्रमाणात पूर्ण होते, कारण बहुतांश नोटा कोणत्या ना कोणत्या हातांतून बँकेपर्यंत पोहोचतात.

ग्रामीण महाराष्ट्रात या पोहोचण्यातील अडचणी अधिक होत्या. शेतकऱ्यांचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांमार्फत चालतात. १४ नोव्हेंबर २०१६ पासून या बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई करण्यात आली. १० ते १४ नोव्हेंबर या दिवसांत त्यांनी स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. राज्यातील काही जिल्हा बँकांच्या तिजोरीत ८ नोव्हेंबरपूर्वीपासून असलेल्या नोटांचा प्रश्न मात्र न्यायालयापर्यंत गेला. ज्याचे खाते शहरातील बँकेत होते आणि ज्याचे खाते केवळ जिल्हा बँकेत होते, या दोघांच्या हातातील नोट सारखीच होती. तरी तिचे मोल त्या आठवड्यात सारखे राहिले नाही.

पुढील टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी काढलेल्या अध्यादेशाने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्याने या नोटांवरील रिझर्व्ह बँकेची देयता आणि केंद्र सरकारची हमी ३१ डिसेंबर २०१६ पासून संपविली. शिवाय दहाहून अधिक जुन्या नोटा बाळगणे हा अपराध ठरविण्यात आला. अभ्यास, संशोधन किंवा नाणकसंग्रह यांसाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. अशा प्रकारे प्रचलन, विधिग्राह्यता आणि देयता हे तिन्ही पदर आठ आठवड्यांच्या आत एकामागून एक गळून पडले. राणीछाप रुपया देव्हाऱ्यात ठेवण्यास कोणाची हरकत नव्हती. जुन्या नोटांची गड्डी घरात ठेवणे मात्र दंडनीय झाले.

२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने २०१६ ची अधिसूचना वैध ठरविली. कलम २६ मधील ‘कोणतीही मालिका’ या शब्दांत सर्व मालिकांचा समावेश होतो, असा अर्थ बहुमताने स्वीकारला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदविले. प्रस्ताव केंद्र सरकारकडून आला असल्यास एखाद्या मूल्याच्या सर्व नोटांची विधिग्राह्यता केवळ अधिसूचनेने काढून घेता येत नाही, त्यासाठी कायदा किंवा अध्यादेश आवश्यक आहे, असा त्यांच्या मताचा आशय आहे. १९४६ आणि १९७८ ची उदाहरणे या चर्चेत स्वाभाविकपणे केंद्रस्थानी आली. विधिग्राह्यतेचा अंत ही प्रशासकीय बाब आहे की लोकप्रतिनिधींच्या सभागृहात ठरावयाची बाब आहे, हा प्रश्न निकालानंतरही वैचारिक दृष्टीने जिवंत राहतो.

२०२३ : दोन हजारांची नोट

२०१६ मध्ये निर्माण झालेली चलनटंचाई भरून काढण्यासाठी दोन हजारांची नोट आणली गेली होती. तिची छपाई २०१८–१९ मध्येच थांबली. १९ मे २०२३ रोजी माघार जाहीर झाली तेव्हा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या अशा नोटा चलनात होत्या. बदलण्याची मुदत प्रथम ३० सप्टेंबर आणि नंतर ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत होती. त्यानंतरही रिझर्व्ह बँकेच्या देशभरातील एकोणीस निर्गम कार्यालयांत या नोटा जमा करण्याची सोय ठेवण्यात आली. टपालाने नोटा पाठविण्याचा मार्गही खुला राहिला. पुढे ९८ टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या.

परत आलेल्या नोटांचे प्रमाण २०१६ च्या प्रमाणाशी मिळतेजुळते आहे, ही बाब विचार करण्यासारखी आहे. विधिग्राह्यता कायम ठेवूनही जवळपास तेवढ्याच नोटा परत येऊ शकतात. दोन हजारांच्या नोटेचा एकूण चलनातील वाटा लहान होता आणि पर्यायी नोटा मुबलक होत्या, हे मान्य केले तरी मुदत, मार्ग आणि वचन या तिन्ही गोष्टी धारकासाठी खुल्या ठेवल्याने भीतीचे प्रमाण मर्यादित राहिले, हे नाकारता येत नाही.

या व्यवस्थेतही अंतराचा प्रश्न सुटलेला नाही. एकोणीस कार्यालयांपैकी महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर ही तीन आहेत. गोव्यात एकही नाही. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यातील धारकासाठी नागपूरपर्यंतचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हा त्या नोटेवरचा बट्टाच होय. तथापि टपालाचा मार्ग खुला असल्याने आणि वचन कायम असल्याने हा बट्टा टाळता येण्याजोगा राहिला. २०१६ नंतर मुदत हुकलेल्या सामान्य धारकापुढे असा मार्ग उरला नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. प्रचलन ही समाजाने घडविलेली वस्तुस्थिती आहे, तर विधिग्राह्यता हा कायद्याने दिलेला दर्जा आहे. शिवराईसारखे चलन राज्य संपल्यानंतरही प्रचलित राहू शकते. ५० पैशांच्या नाण्यासारखे चलन विधिग्राह्य असूनही व्यवहारातून जाऊ शकते. या दोहोंच्या पलीकडे देयता हा तिसरा पदर आहे आणि कागदी चलनाच्या युगात धारकाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे.

चलनातून माघार घेताना काळाचा भार राज्यसंस्था स्वतःवर घेते. विधिग्राह्यता अचानक संपविताना तोच भार धारकाकडे जातो. देयताही संपविली तर झालेल्या नुकसानाची भरपाई करण्याचा मार्गच बंद होतो. हाली सिक्क्याची १९५० च्या दशकातील माघार, २००५ पूर्वीच्या नोटांची माघार आणि २०२३ ची माघार एका बाजूला, तर १९४६, १९७८ आणि २०१६ चे निर्णय दुसऱ्या बाजूला ठेवले असता हा फरक ठळक होतो. खोट्या नोटा, करचुकवेगिरी किंवा अवैध संपत्ती यांविरुद्धची उद्दिष्टे योग्य असू शकतात. मात्र त्यासाठी निवडलेला मार्ग कोणता आहे आणि त्याचा बट्टा कोणाच्या पदरी पडणार आहे, याचा विचार निर्णयापूर्वी होणे आवश्यक ठरते.

‘मागे घेणे’ आणि ‘रद्द करणे’ हे दोन शब्द लोकव्यवहारात वेगळे ठेवले गेले, तर नागरिकांचा गोंधळ कमी होईल आणि दुकानदाराने वैध नोट नाकारल्यास ती वैध असल्याचे धारकाला ठामपणे सांगता येईल. चलनविषयक साक्षरतेचा हा प्राथमिक धडा शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणि बँकांच्या शाखांतील मराठी सूचनाफलकांवर यावयास हवा. सराफाच्या पेढीवर नाणे वाजवून घेण्याचा काळ मागे पडला आहे. नोटेवरील वचन कोणत्या अटींवर आणि किती काळ टिकते हे जाणून घेणे हीच आजच्या धारकाची पारख होय.